रिपोर्ट आला तेव्हा टोळी फडात पोचली होती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी १२ वर्षांपासून आशा म्हणून काम करते. दसऱ्याच्या मागंपुढं आमचं अर्धं गाव कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातं. त्यात पोटुशा बाया दरसाल असतात.

गेल्या सप्टेंबरात अशाच एका सुनेला मी ९ तारखेच्या गरोदर बायांच्या तपासणी कॅम्पला घेऊन गेले. पाचवा महिना. हिमोग्लोबिन तिथंच कळलं, बाकीचे रिपोर्ट 'नंतर येतील' म्हणाले. ते यायच्या आत टोळी सांगलीकडं गेलीसुद्धा. रिपोर्ट आला तो एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी, आपल्याकडं जिला पांढरी कावीळ म्हणतात ती.

टोळीच्या मुकादमाला कारण न सांगता फोन तिच्या हातात द्यायला लावला. ती म्हणाली, "मला काय व्हायलंय ताई? ना ताप, ना उलटी. डोळे तरी पिवळे दिसायलेत का? अन् कावीळ तर लहानपणीच उतरवून घेतलीय, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन."

ती खोटं बोलत नव्हती. हा विषाणू अंगात असलेल्या कित्येकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते, तिला आजारी कोण म्हणेल? रक्त तपासल्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही. पण बाळंतपणात तो बाळाला लागला, तर अशा दहांतली नऊ बाळं तो जन्मभर वागवतात. मोठेपणी लागला तर बहुतेक जण त्यातून बरे होतात. लिव्हर खराब होणं, लिव्हरचा कॅन्सर हे पुढं पंचवीस-तीस वर्षांनी दिसतं, तेव्हा बाळंतपण कुणाच्या ध्यानातही नसतं.

आणि हे टाळता येतं, म्हणून जीव तुटतो. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर बाळाला लस, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिकारद्रव्याचं इंजेक्शन. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर सातव्या महिन्यापासून विषाणू दाबणारी टेनोफोविरची गोळी. तिच्या सातव्या महिन्याला तेव्हा अजून अवकाश होता.

जानेवारीच्या शेवटी रात्री कळा सुरू झाल्या. फडावरच्या कोपीवरून (झोपडीवरून) जवळच्या दवाखान्यात नेलं. तिचं गरोदरपणाचं कार्ड गावाकडं पेटीत राहिलेलं, आणि असतं तरी त्यावर त्या तपासणीची जागा कोरीच होती. सासूला मी सांगितलं नव्हतं, कारण सुनेनं तसं हात जोडून सांगितलं होतं. ताट-तांब्या वेगळा करतील ही तिची भीती. (एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही. आई अंगावर पाजूही शकते. नवऱ्याची तपासणी आणि गरज पडल्यास लस मात्र झाली पाहिजे.) बाळाला पहिली लस तिसऱ्या दिवशी मिळाली. इम्युनोग्लोब्युलिन मिळालंच नाही.

कुणा एका सिस्टरला किंवा डॉक्टरला मी दोष देत नाही. माझाही दोष आहे. दोनदा फोन लागला नाही म्हणून मी तिसऱ्यांदा केला नाही.

राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, तपासणी आणि औषधं फुकट आहेत. माझी मागणी एवढीच, की बीड, परभणी, जालन्यासारख्या जिल्ह्यांत, जिथून टोळ्या निघतात तिथं, ही तपासणी दसऱ्याच्या आत उरकावी आणि कार्ड-टेस्टनं करावी. बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत निकाल कळतो. बाई कॅम्पमध्ये असतानाच तो तिला एकटीला, आडोशाला नेऊन सांगावा. कागद तिच्या हातात द्यावा. आणि ज्या कारखान्याच्या फडात ती जाणार, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आमच्या केंद्रानं स्वतः कळवावं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणी किती घेतली हे मुकादमाच्या वहीत पैशापैशाचं लिहिलेलं असतं. बाईच्या रक्ताचा निकाल कुठल्याच वहीत तिच्यासोबत जात नाही.

बाळ आता रांगतं, गुटगुटीत आहे. पुढचे डोस मी पाठपुरावा करून मिळवून दिले. पण नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय त्याचं रक्त तपासून नक्की काय ते कळत नाही, आणि ते महिने भरतील ऑक्टोबरच्या शेवटी. यंदाची उचल त्या घरानं घेतलेली आहे.

आपली,
एक आशा सेविका
ता. धारूर, जि. बीड