पर्यटकांचे तारे आणि कर्मचाऱ्यांचा बोनस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण पर्यटनावर लिहिले जाते ते बहुतेक निसर्ग आणि पाहुणचाराविषयी. तो पाहुणचार करणाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन कसे होते, याकडे फारसे कुणी पाहत नाही. अनेक निवासांत ते पाहुण्यांनी ऑनलाइन दिलेल्या ताऱ्यांवरून होते आणि बोनसही त्यावरच ठरतो. हे थांबायला हवे.

वीज गेली, रस्ता खराब निघाला, मोबाइलला रेंज मिळाली नाही, की पाहुणा दोन तारे देऊन मोकळा होतो. त्यात खोली आवरणाऱ्याचा काय दोष? शिवाय लहान निवासाला महिन्याकाठी अभिप्राय येतात मोजकेच. दहांपैकी नऊ जणांनी पाच आणि एकाने एकच तारा दिला, तरी सरासरी 4.6 वर घसरते. पाहुण्यांनी लिहिलेले जरूर वाचावे, पण त्या आकड्यावर कुणाचे पैसे कापू नयेत.

मोजायचे ते कर्मचाऱ्याच्या हातात असलेले काम. ‘खोली तयार आहे’ म्हणजे नेमके काय? नळ सोडून गरम पाणी येते का पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिले, दिवा-पंखा लावून पाहिला, चादर पूर्ण उलगडून डाग तपासला, खिडकीची कडी लावून खिडकी ओढून पाहिली. अशी आठ-दहा कामे कर्मचाऱ्यांबरोबर बसून, त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवावीत. आठवड्यातून कोणत्याही दोन खोल्या पर्यवेक्षकाने त्या कर्मचाऱ्यासोबतच तपासाव्यात. एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली, तर आधी साधने आणि वेळ पाहावा. चादरींचा जादा संच नसेल, किंवा दोन तासांत एकट्याने सहा खोल्या आवरायच्या असतील, तर दरडावून काही सुधारत नाही.

वर्षाअखेरीचा मूल्यमापन फॉर्म हंगामी कामाला निरुपयोगीच, कारण तो भरेपर्यंत माणसे पांगलेली असतात. पहिला आठवडा झाल्यावर, हंगामाच्या मध्यावर आणि शेवटी असे तीनदा बोलावे. खेड्यात खरी अडचण वेगळीच असते. पर्यवेक्षक आणि कर्मचारी शेजारी किंवा नातेवाईक असतात, त्यामुळे बोलणे टाळले जाते आणि साचलेले सगळे एक दिवस पाहुण्यांसमोर बाहेर पडते. चूक त्याच दिवशी, एकांतात आणि दिसली तेवढीच सांगावी. ‘तीन नंबरच्या खोलीची कडी लागत नव्हती’ हे पुरे; ‘तू निष्काळजी आहेस’ नको. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी काम करणाऱ्याला त्याच्या कामाबद्दल अभिप्राय दिल्यानंतर काम उलट खालावलेले आढळले. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिष्ठेवर गेले की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण गावातल्या नात्यांना तर फारच लागू पडते.

कामात मन लागायला थोडा अधिकारही हवा. पाहुण्याची खोली बदलून देणे किंवा ठरलेल्या मर्यादेत सूट देणे, यासाठी मालकाला फोन करण्याची वेळ कर्मचाऱ्यावर येऊ नये. बक्षिशीचा डबा सामाईक ठेवून कामाच्या तासांनुसार वाटप करावे आणि हिशेबाची वही सर्वांना पाहता यावी. नाहीतर दर्शनी काम करणाऱ्यालाच सगळे मिळते आणि भांडी घासणारा कायम मागे राहतो.

हंगाम संपताना पुढच्या वर्षीची रुजू तारीख आणि पगार लेखी द्यावा. किती जणांना पुन्हा बोलावले आणि त्यांतले किती आले, ही नोंद दरवर्षी ठेवावी. मालकाचे मूल्यमापन त्या आकड्यावर करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक