न्यायाधीशाला भूतकाळ नसावा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राजकारणात वावरलेल्या वकिलाला न्यायाधीश करावं का, हा वाद अधूनमधून पेटतो. आमच्या बाररूममध्ये तो निघाला की मी अमेरिकेतल्या न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचं नाव घेतो आणि समोरच्या कपाळांवर आठ्या पडतात. आपल्याकडे हे नाव फारसं कोणी ऐकलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मोटलीबाईंचा जन्म 1921 चा, अमेरिकेतल्या न्यू हेवनचा. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले; वडील येल विद्यापीठातल्या विद्यार्थी मंडळांकडे स्वयंपाकी. शिकायला पैसे नव्हते. एका सभेतलं या मुलीचं बोलणं ऐकून क्लॅरेन्स ब्लेकस्ली नावाच्या गोऱ्या व्यावसायिकाने खर्च उचलला. 1946 मध्ये त्या कोलंबियातून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्याआधीच थर्गुड मार्शल यांनी त्यांना कृष्णवर्णीयांचे खटले लढवणाऱ्या आपल्या कचेरीत घेतलं होतं. शाळांमधला वर्णभेद मोडणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याचं मूळ वादपत्र त्यांनी लिहिलं. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्यांपुरत्याच असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून द्यायला मे 1961 ते ऑक्टोबर 1962 असे सोळा महिने गेले. खालच्या कोर्टात हार, अपिलात जीत, आणि शेवटी एका विद्यार्थ्याला वर्गात बसवायला सैन्य! दंगलीत दोन माणसं मेली.

1964 मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून गेल्या. तिथे पोहोचलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आमदारकी जेमतेम वर्षभराची, पण तेवढ्यातही वकिली सुटली नव्हती. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविरुद्धचा ‘स्वेन’ खटला त्यांनी आमदार असतानाच सर्वोच्च न्यायालयात चालवला आणि त्या हरल्या. तिथे चालवलेल्या दहापैकी हरलेला हा एकच. (1986 मध्ये त्याच न्यायालयाने ‘बॅटसन’ निकालात ‘स्वेन’चा गाभाच मोडीत काढला.) 1965 मध्ये त्या मॅनहॅटनच्या बरो प्रेसिडेंट (न्यूयॉर्क शहराच्या त्या विभागाच्या प्रमुख) झाल्या.

जानेवारी 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांचं नाव फेडरल (केंद्रीय) न्यायालयासाठी सुचवलं. नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या अमेरिकन सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचेच जेम्स ईस्टलंड! त्यांनी बाईंवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला आणि नाव सात महिने अडवून धरलं. 30 ऑगस्टला मंजुरी मिळाली आणि अमेरिकेला पहिली कृष्णवर्णीय स्त्री फेडरल न्यायाधीश मिळाली.

माझ्या मते खरी गंमत 1975 ची आहे. वकिलांच्या एका बड्या फर्मवर, नोकरी देताना बायकांना डावलते म्हणून दावा लागला आणि तो मोटलीबाईंसमोर आला. फर्मच्या बाजूने अर्ज आला : तुम्ही स्वतः कृष्णवर्णीय, स्त्री, शिवाय भेदभावाविरुद्ध लढलेल्या वकील, तेव्हा तुम्ही हा दावा ऐकू नका. बाईंनी तो फेटाळला. वंश, लिंग किंवा पूर्वीची वकिली एवढ्यावरून न्यायाधीशाला हटवायचं, तर या न्यायालयातला एकही न्यायाधीश हा दावा ऐकू शकणार नाही, असं त्यांचं उत्तर होतं. गोरा पुरुष न्यायाधीशही अखेर कुठल्यातरी वंशाचा आणि लिंगाचा असतोच की! फक्त त्याला कोणी तसं विचारत नाही.

आपल्याकडेही 1975 चंच उदाहरण आहे. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळातल्या तलश्शेरीचे वकील, मग आमदार, 1957 च्या केरळच्या नंबूदिरीपाद मंत्रिमंडळात मंत्री. पुढे सर्वोच्च न्यायालयात सुट्टीतले न्यायमूर्ती असताना 24 जून 1975 ला, निवडणूक रद्द ठरवणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती मागणाऱ्या इंदिरा गांधींच्या अर्जावर त्यांनी आदेश दिला. पूर्ण स्थगिती त्यांनी दिली नाही. पंतप्रधानपद राहिलं, पण लोकसभेतल्या मतदानाचा हक्क गेला. त्यांचा राजकीय भूतकाळ साऱ्या देशाला ठाऊक होता.

आता दुसरी बाजू. बहरूल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. मग उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. जानेवारी 1983 मध्ये, निवृत्तीला थोडेच आठवडे उरले असताना त्यांनी राजीनामा दिला आणि आसाममधल्या बारपेटातून लोकसभेसाठी काँग्रेसची उमेदवारी घेतली. पुढे पुन्हा राज्यसभा. मला यातलं पीठावर येणं तितकंसं खुपत नाही, परत जाणं खुपतं. मोटलीबाईंची नेमणूक तहहयात होती. 2005 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या न्यायाधीशच राहिल्या, निवडणुकीच्या फंदात पुन्हा पडल्या नाहीत. आपले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती 62 व्या वर्षी मोकळे होतात, सर्वोच्च न्यायालयाचे 65 व्या. पुढे पदं समोर दिसत असतात. तेव्हा नेमणुकीआधीची कुंडली मांडताना निवृत्तीनंतर किती वर्षं कोणतंही पद घ्यायचं नाही, यावरही आपल्या पानावर चर्चा व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक (वकील), सातारा