झिजल्या जागी खण: धारवाडच्या काकूंना उघडं पत्र

काकू,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, नाहीतर ‘पुरे गं’ म्हणून सुईत दोरा ओवायला देता. तोंडी काही जमायचं नाही, म्हणून लिहूनच टाकते. उघडं पत्र अशासाठी की दुपारी तुमच्या गॅलरीत सुया घेऊन बसणाऱ्या आम्हा सगळ्याजणींच्या मनात हेच आहे. आणि ज्यांच्या कपाटात पोपडे निघालेली पर्स पडून आहे, त्यांनीही वाचलं तर बरंच.

सुरुवात माझ्या ऑफिसच्या काळ्या पर्सपासून झाली. काही खास नव्हती ती. पण डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि कागद यांना जिथल्या तिथे कप्पे होते, आणि तशी पर्स पुन्हा मिळत नव्हती. झाकणाचं रेग्झिन सुटत चाललेलं. कुर्त्यावर, खुर्चीवर, डब्याच्या पिशवीत, जिथे तिथे काळा भुगा. दुरुस्तीवाल्यानं हातात न घेताच ‘टाकून द्या, नवीन घ्या’ सांगितलं. रेग्झिन म्हणून आपण जे घेतो ते बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं असतं, आणि हवेतल्या दमटपणानं तो थर हळूहळू विघटित होतो. रोज वापरा नाहीतर कपाटात जपून ठेवा, काही पावसाळे गेले की पोपडे धरतातच. हे मला तेव्हा कळलं असतं तर ‘मी नीट वापरली नाही का’ म्हणून हळहळत बसले नसते.

मी तुमच्याकडे आले ती रंगाच्या कल्पना घेऊन. वारली काढू का, आरसे लावू का, मण्यांची झालर लावू का. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पर्स उलटी केलीत, अस्तर बाहेर काढून बघितलंत, पट्टा दोन्ही हातांनी ताणलात. कडेचा दोरा करकरला. ‘आधी पट्टा बघ. रंगाची कशाला घाई करायलीस?’ एवढंच म्हणालात.

त्या दिवशी आपण रंगाला हातच लावला नाही. झाकणाचे सगळे पोपडे आधी नखानं आणि मग चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढले, खालचं करडं विणलेलं कापड मोकळं होईपर्यंत. सुटत्या थरावर काहीही चिकटवा किंवा शिवा, तो आपल्याबरोबर तेही घेऊन सुटणार. मग पट्टा उसवला. आत जाड सुती नवार घातली, आणि पर्सच्या अंगाला जिथे पट्टा जोडायचा तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारली. मशीनला १६ नंबरची सुई. टाचण्या लावायला बंदी, कारण रेग्झिनला पडलेलं भोक बुजत नाही. त्याऐवजी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे. हातानं शिवताना जुन्या टाक्यांच्याच भोकांतून सुई घालायची. या बारीकसारीक गोष्टी कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी ठेवतेय.

आणि मग खण. तुम्ही म्हणालात, विकत काही आणायचं नाही, कपाट उघड. प्रत्येक घरात ओटीत आलेल्या खणांचा आणि ब्लाउजपीसांचा एक गठ्ठा असतोच. त्यातला अर्धा गठ्ठा पुढच्या हळदीकुंकवाला पुढच्या बाईच्या ओटीत जातो, आणि कधीकधी तोच पीस दोन-चार घरं फिरून, घडीसुद्धा न मोडता, आपल्याकडेच परत येतो. त्या गठ्ठ्यातून तुम्ही तीन-चार त्रिकोणी घड्या बाजूला काढल्यात, एकेकीचा दोरा ओढलात आणि देवघरातल्या निरांजनावर धरलात. एक कागदासारखा जळून राख झाला. दुसरा वितळून टोकाला कडक काळा मणी. ‘हे गुळेदगुड्डचं नव्हे,’ म्हणून दुसरी घडी परत ठेवलीत. बागलकोट जिल्ह्यातल्या त्या गावचा हातमागाचा खण सुती-रेशमी, आणि बाजारात आज खण म्हणून जे दिसतं त्यातलं पुष्कळसं पॉलिस्टर. पॉलिस्टर वाईट असं तुम्ही म्हणाला नाहीत. उलट पावसाळी पिशवीला ते बरं म्हणालात. फक्त काय हातात आहे ते माहीत पाहिजे, कारण इस्त्री कितपत गरम धरायची ते त्यावर ठरतं.

खण मरून होता, हिरव्या काठाचा. पांढरा रुमाल ओला करून तुम्ही त्यावर घासायला लावलात आणि रुमाल गुलाबी झाला. म्हणून आधी दोनदा धुणं, सावलीत वाळवणं, मग मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर, लावणं, कारण खणाचे दोरे कापल्या कडेला फार सुटतात. मला पूर्ण पर्स खणात मढवायची होती. तुम्ही कात्री माझ्या हातात दिलीत पण खडू स्वतःकडे ठेवलात. झाकण आणि पट्टा, बस्स. जिथे झिजलंय तिथेच खण. बाकीचं काळं तसंच. खणाचा मधला भाग झाकणावर, आणि काठ उभा कापून पट्ट्यावर, म्हणजे जिथे खांद्याला आणि हाताला घासणार तिथे काठाची घट्ट वीण यावी.

हे मला पटलं नव्हतं. अर्धवट दिसेल असं वाटत होतं. पण काळ्याच्या शेजारी तो मरून जसा उठला तसा सगळीकडे मरून असता तर उठलाच नसता. हल्ली खण सगळ्यावर आलाय, डायरीवर, मोबाईलच्या कव्हरवर, तोरणावर, फोटोफ्रेमवर. मला तो बघून कधीकधी दमायला होतं. तुमच्या हातून निघालेल्या वस्तूंनी तसं होत नाही, याचं कारण बहुधा हेच, की तुमची नक्षी कुठे बसणार हे ती वस्तूच ठरवते. चष्म्याच्या घराचा कोपरा फाटला तर कोपऱ्यावर. कापडी पिशवीचा तळ गेला तर तळाला, वर चार बोटं येईल इतकाच. कमरपट्ट्याला बक्कलाचं भोक मोठं झालं तर त्या भोकाभोवती काजटाका, वेगळ्या रंगात. पिवळा असेल तर पिवळा दिसू दे म्हणता. मला आधी भोकं लपवायची सवय होती.

कशिद्याचं, तुमच्या धारवाडकडच्या कसुतीचं, मात्र सविस्तर लिहिते, कारण खरी ऋणी आहे ती त्याची. झाकणाच्या मधोमध तुम्ही एक छोटं गोपुर घालायला सांगितलंत, खणाच्या मधल्या भागातला एक डाग नेमका तिथे येत होता म्हणून. खणावर दोरे मोजता येईनात, तेव्हा वरून जाळीचं कापड टाचलंत, त्याच्या भोकांवर मोजून टाके घालायला लावलेत, आणि काम झाल्यावर जाळीचा एकेक दोरा ओढून काढायला. टाक्याचं नाव गवंती. आधी धावदोऱ्यानं एक टाका वर, एक टाका खाली असं पुढे जायचं, मग त्याच वाटेनं परत येत रिकाम्या जागा भरायच्या. गाठ नाही. छापा नाही. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. सोपं वाटतं, पण रेघेला फाटा फुटला की गंमत सुरू होते: मुख्य वाट सोडून आधी फाट्यावर जायचं, टोकाला पोचून परत मुख्य वाटेवर यायचं, आणि मगच पुढे. गोपुराला तर पायरीगणिक फाटे. सुई घालण्याआधी सगळा रस्ता डोक्यात असावा लागतो, नाहीतर शेवटी दोरा एका बाजूला आणि रिकामा टाका दुसऱ्या बाजूला.

तुम्ही दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून लांब कापू देत नव्हता. सहा पदरी लडीतले दोनच पदर सुटे करून घ्यायचे. मी मोजताना पुटपुटायचे तेव्हा तुम्ही कानडीत माझ्याबरोबर मोजायचात, ‘ओंदु, एरडु, मूरु,’ आणि तुमचा हात तुमच्या स्वतःच्या कामावरून ढळायचा नाही. ऑफिसात दिवसभर आकडे बघून आलेल्या मला हे आकडे का आवडावेत, कोण जाणे. पण आवडले. गवंतीनंतर मुर्गी (तीच, पण नागमोडी), मग नेगी (विणल्यासारखा दिसणारा धावदोरा), मग मेंथी (फुलीचा टाका), या क्रमानं तुम्ही शिकवलंत, आणि मेंथीला तुम्ही जरा खालच्या पाटावर बसवता हेही माझ्या लक्षात आलं. मागून वेगळी दिसते म्हणून ना?

बाकी वस्तूंचं भराभर सांगते. आजीची इरकल मधे जिरली होती, पण काठ आणि पदर शाबूत. तुम्ही आधी पदर मला उलटा करून दाखवलात, अंगाचे उभे दोरे आणि पदराचे उभे दोरे एकमेकांच्या फाशात अडकवून कसे जोडलेत ते, आणि त्या जोडावर कात्री चालवायची नाही म्हणालात. पदर तसाच राहिला. काठ माझ्या साध्या पांढऱ्या ओढणीला लागले, सैल हातशिलाईनं, कारण काठ जड आणि ओढणी हलकी. मशीनच्या घट्ट टिपेनं ती आखडली असती. भाचीच्या रंग उडालेल्या बांगड्यांवर रेशमी दोरा गुंडाळला, ते काम तिनंच केलं, आणि त्यावर खडे चिकटवायचेत म्हणून हट्ट धरला तेव्हा तुम्ही तिला मुळीच अडवलं नाहीत. मला मात्र अडवलं असतंत. ग्लू गन मात्र तुम्ही दोघींनाही दिली नाहीत. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली वस्तू बघायला लावलीत, गोंद मऊ पडून फुलं खाली घसरलेली.

आणि कोल्हापुरी. माझ्या चपलेचा गोंडा तुटला होता आणि अंगठ्याची पट्टी सैल झाली होती. मला वाटलं तुम्ही लगेच लाल लोकरीचा गोंडा करून द्याल. गोंडा केलातही, पण चपलेला लावला नाहीत. चामड्यात माझी सुई जायची नाही, हे ज्याचं काम त्याच्याकडे ने, असं म्हणून चपलेच्या कारागिराकडे पाठवलंत, आणि गोंडा सोबत दिलात. तिथून परत आले तेव्हा तुम्ही मोठ्या झोकात सांगितलंत की २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन राज्यांच्या आठ जिल्ह्यांना मिळून: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, विजयपूर. आठवा जिल्हा तुम्ही मुद्दाम शेवटी ठेवलात. ‘आणि आमचं धारवाड!’

ऑफिसात त्या पर्सबद्दल विचारतात. कुठून घेतली, किती पडले. मी दोऱ्याचे, फ्युजिंगचे आणि नवारेचे पैसे सांगते तेव्हा त्यांना चेष्टा वाटते. दोघीजणी आपापल्या पर्स घेऊन आल्या, आणि मी काय केलं असेल सांगा. पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघितला. एकीचा करकरला. ती अजून नवार आणायला गेलेली नाही, तिला आधी खणाचा रंग ठरवायचाय.

तुम्ही पैसे घेत नाही, साडी घेत नाही, ‘एवढं काय’ म्हणता. एवढं म्हणजे काय ते तरी निदान कागदावर यावं: तुमच्या कितीतरी दुपारी, तुमचं मशीन, तुमच्या डब्यातले दोरे, आणि चाळिशीच्या पुढे हातात सुई धरणाऱ्या बाईला न हसता शिकवणं. त्याबद्दल मनापासून आभार, काकू. यावर विषय बदलायचा असेल तर बदला, पत्राला तुम्ही मधेच थांबवू शकत नाही.

आता कामाचं. बाबांची खादीची शबनम माळ्यावर सापडलीय. खांद्याचा पट्टा भक्कम आहे, ताणून बघितला. तळाचे दोन्ही कोपरे मात्र विरलेत. मी आतून कॅनव्हासचे त्रिकोण लावायचं ठरवलंय आणि वरून इरकलीच्या काठाचे उरलेले तुकडे. प्रश्न कशिद्याचा आहे. शबनमला अस्तर नसतं, आतली बाजू हात घालताना दिसते, म्हणजे मेंथी नको. गवंती की मुर्गी, तेवढं सांगा. खादी जाडीभरडी असल्यानं दोरे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतायत, जाळी लागणार नाही असं वाटतं, पण तुम्ही बघाच.

रविवारी दुपारी येते. येताना रविवार पेठेतून १६ नंबरच्या सुया आणते, तुमच्या डब्यात एकच उरलीय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची