नोटरीकडून आल्यावर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी विषय काढला आणि तू "बाबा, सकाळी सकाळी काय अभद्र बोलताय" म्हणत फोन आईकडे द्यायला लावलास. म्हणून हे पत्र. इथे तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

गेल्या सोमवारी मी लिव्हिंग विल करून आलो. मृत्युपत्र नव्हे, ते बँकेतून रिटायर झालो तेव्हाच केलंय (घर आधी आईचं, मग तुम्हा दोघांचं, भांडू नका). हे निराळं. मी बरा होण्याची आशा संपली आणि माझं मला सांगता येईनासं झालं, तर निव्वळ श्वास चालू ठेवण्यासाठी काय काय करायचं नाही, ते यात लिहिलंय. इंजेक्शन देऊन संपवायचं असलं काही नाही, घाबरू नकोस. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर भागतं. साक्षीला मी कॅरमच्या मंडळींपैकी दोघांना विचारलं. त्यातल्या एकानं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाला, अमावास्या होऊन जाऊ दे. थांबलो. काय करता!

वेळ आली की आधी दवाखान्यातले तीन डॉक्टर बघणार, मग डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. आणि कागदात ज्यांची नावं आहेत त्यांची संमती. तिथे पहिलं नाव तुझं आहे, दुसरं दादाचं. दादाला राग येईल, पण तो माझ्यावर गेलाय. तो डॉक्टरांना म्हणेल, "जे असेल ते सगळं करा." मी तेच म्हणालो होतो.

तुझ्या आजोबांची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. १९८२ च्या दिवाळीत विनोबांनी पवनारला देह ठेवला, १५ नोव्हेंबरला. त्याच्या आठवडाभर आधीपासून त्यांनी अन्न आणि औषध थांबवलं होतं. सत्त्याऐंशी वर्षांचे होते. मी पंचवीसचा. रेडिओवर बातमी ऐकली आणि आजोबांनी सायकल काढली. वर्ध्याहून पवनार किती, आठ-दहा किलोमीटर. मी मागे कॅरिअरवर, चढावर उतरून ढकलायला. धाम नदीच्या काठावर माणसंच माणसं, पण गलका नव्हता. परत येताना आजोबा पूर्ण रस्ताभर गप्प होते. घराच्या दारात सायकल लावताना म्हणाले, "मलेही असंच जाऊ द्याजो बापू. ओढून धरजो नका."

बत्तीस वर्षांनी आम्ही ओढून धरलं. २०१४, नागपूरचा दवाखाना, सव्वीस दिवस. फुप्फुसं गेलेलीच होती, डॉक्टर आडून आडून सांगतही होते. पण गावाहून काका आले होते, आत्या आली होती, आणि "नको" हा शब्द मोठ्या मुलानं कोणत्या तोंडानं काढायचा? व्हेंटिलेटर लावला. मध्ये दोन दिवस काढला होता, तेव्हाची गोष्ट. नळी ओढतात म्हणून त्यांचा उजवा हात पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधला होता. मी वाकलो तर म्हणाले, "चा दे न रे थोडा." सिस्टर म्हणाली, तोंडानं काही द्यायचं नाही, ठसका लागेल. बरोबरच होतं तिचं. मी कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले केले. त्यांनी तो बोळा ओठांत धरला आणि चोखला, लहान बाळासारखा. मग माझ्याकडे असं बघितलं की मी फसवलंय. भेटीची वेळ संपली, खाली कँटीनमध्ये गेलो आणि सवयीनं एक चहा घेतला. पूर्ण प्यायलो, मनू. अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं आपण काय पितोय ते.

दुसऱ्या दिवशी परत व्हेंटिलेटर. नंतर ते काही बोलले नाहीत.

तू म्हणशील, बाबांनी मनाला लावून घेतलंय. घेतलंय. पण गंमत अशी की सोमवारी कागदावर सही केली आणि घरी येताना भूक लागली. खरी, शाळेतून आल्यावर लागायची तशी. वाटेत गोरसपाक घेतला, बसस्टँडवर उभ्यानं खाल्ला. तेव्हापासून काही बारीकसारीक बदललंय. सोसायटीचं सचिवपद सोडलं, पाण्याच्या टाकीची भांडणं आता दुसऱ्यानं ऐकावीत. हिंगणघाटच्या मित्राकडे जाऊन आलो, १९९८ पासून बोलत नव्हतो. वाटलं होतं गळ्यात पडू. तासाभरात त्याच पैशांवरून पुन्हा वाजलं! तो होता तसाच आहे, मीही. पण जेवू घालूनच पाठवलं त्यानं, आणि पुढच्या महिन्यात तो इकडे येतोय, उरलेलं भांडायला.

आणि सकाळचा चहा मी करतो आता. आईला संशय आला होता की काही लपवतोय. चाळीस वर्षं मी तो पेपरच्या आडून प्यायलो, तो गोड होता की फिका हे तिनं विचारल्यावर कळायचं. आता आधी चहा, मग पेपर. आलं ठेचतो, गवती चहाची दोन पाती टाकतो, उकळी येऊन वर चढला की गॅस बारीक करतो, पुन्हा चढू देतो. मागच्या ओट्यावर बसतो. समोर तुझ्या लग्नात लावलेला कढीपत्ता आहे, त्यावर या दिवसांत शिंजीर येते. पाखरू एवढंसं, पण कलकलाट केवढा. इतकी वर्षं ती येतच असणार.

कागद कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे दिली आहे, एक नगरपालिकेत द्यायची आहे. दिवाळीला आलीस की एकदा वाच आणि दादालाही वाचून दाखव, मी समोर असताना.

एक ओळ मात्र त्यात नाही. नोटरीनं ती खोडायला लावली, कायद्याच्या कागदात असलं चालत नाही म्हणाला. म्हणून इथे लिहून ठेवतो. मी चहा मागितला तर द्यायचा. ठसका लागला तर लागू दे. आलं घालून, आणि साखर नेहमीएवढी. शुगरचं नाव त्या दिवशी कोणी काढायचं नाही.

तुझा,
बाबा