आईची सही

शिरपूर

ती. आई आणि ती. नाना यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर नाना, तुम्ही म्हणालात, "हाई आपलं काम नही, माय," आणि फोन आईच्या हातात दिलात. आईने जेवलीस का विचारलं, पोरांचं विचारलं आणि गप्प झाली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, मलाही धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. नाना, तुमचं वाचून झालं की पत्र आईकडे द्या. तिला वाचून दाखवू नका, तिचं तिला वाचू द्या.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पक्षाच्या महिला आघाडीची तालुकाध्यक्ष म्हणून माझं नाव जाहीर झालंय. ह्यांना विचारूनच मी होकार दिला. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग म्हणाल्या, संध्याकाळच्या भाकरी मी टाकेन. तुमची परवानगी मात्र मी आधी मागितली नाही. ते तुम्हाला लागलंय, हे मला कळतं.

लोक काय म्हणतील, याची तुम्हाला भीती आहे. नाना, लोक गेली सहा वर्षं म्हणतच आहेत. तेवढी वर्षं मी आघाडीत साधी कार्यकर्ती होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं इतकंच. पक्षाचा कुणी मोठा माणूस आला की आम्ही एका रंगाच्या साड्या नेसून दारात ताटं घेऊन उभ्या राहायचो. ओवाळायचं, सभेतल्या खुर्च्या भरायच्या आणि आत तिकिटाची बैठक सुरू झाली की बाहेर येऊन चहाचं बघायचं. एकदा मी आतच बसून राहिले. एक जण हसत म्हणाला, "ताई, तुमचं काय काम इथं?" मी उठले नाही, पण त्या बैठकीत एक शब्दही बोलू शकले नाही. घरी येऊन खूप रडले.

एवढं असून मी तिथे का टिकले, तेही ऐका. 2024 च्या जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायची धांदल उडाली होती. महिन्याला पंधराशे रुपये, वय 21 ते 65, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. सेतूच्या दारात पहाटेपासून रांग लागायची. रांगेत एक साठीची बाई होती. मशीनवर अंगठा ठेवला की ठसा येईना. कापूस वेचून आणि मिरच्या तोडून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. ऑपरेटर म्हणाला, उद्या या. ती तिसऱ्यांदा आली होती, रोज मजुरी बुडवून. मी तिचा हात धुतला, पुसला, एकेक बोट लावून पाहिलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा उमटला. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही, नुसता माझा दंड धरून उभी राहिली. त्या दिवसापासून मी घरी बसायचा विचार सोडला.

आणि मतदारयाद्या! आमच्या वॉर्डाची यादी घेऊन घरोघर फिरले तर कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्या यादीत. लग्न झालं, रेशनकार्ड बदललं, मत राहिलं तिकडेच. नाना, माझंही नाव लग्नानंतर किती दिवस आपल्या गावच्या यादीत होतं, आठवतं का? मतदानाला मी आले नाही की कोण चिडायचं? तुम्हीच. आठ नंबरचा फॉर्म भरून नाव सासरच्या यादीत आणता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता आम्ही बायका ते काम करतो. ज्या बाईचं नाव यादीत नाही, तिला कुठलाही पक्ष विचारत नाही.

आता खरं बोलते. रागावू नका.

आई, 1995 च्या आसपास तू ग्रामपंचायतीत निवडून आलीस. बायकांची राखीव जागा होती, नानांनी तुझं नाव दिलं. पाच वर्षं तू सदस्य होतीस आणि कचेरीच्या पायऱ्या एकदाही चढली नाहीस. शिपाईकाका प्रोसिडिंगचं बुक घरी घेऊन यायचे. तू चुलीपुढून उठायचीस, हात पदराला पुसायचीस, ते बोटाने जागा दाखवायचे, "इथं, वहिनी." तू सावकाश, अक्षराला अक्षर जोडून पूर्ण नाव लिहायचीस. पानाच्या कडेला पिठाचं बोट उमटायचं. वर काय लिहिलंय ते तू कधी वाचलं नाहीस, कारण नाना आतून म्हणायचे, "कर सही, ठीक आहे ते."

मी बारावीला असताना भिल्लवस्तीतल्या बायका आपल्या दारात आल्या होत्या. वस्तीवरचा मंजूर हातपंप दुसरीकडे नेला होता. ठरावात सूचक म्हणून तुझं नाव होतं. त्यातली एक म्हणाली, "माय, तूच सही करी?" तू उंबऱ्यात उभी होतीस. तुला त्या ठरावातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नव्हती. त्या रात्री तू जेवली नाहीस. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते, पण सगळं बघत होते.

नाना, तुम्ही वाईट नव्हतात. गावात सगळ्यांकडे असंच चालायचं. पण ते चूक होतं. आणि तुम्ही ते वेगळं करू शकला असतात, म्हणून मला जास्त लागतं. कारण 1986 च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं बायकांचं अधिवेशन चांदवडला झालं, तेव्हा आईला ट्रकमध्ये बसवून देणारे तुम्हीच होतात. मी लहान होते, आजीजवळ राहिले. आई दोन दिवसांनी परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. पुढे बायकोच्या नावावर जमीन करायचं, संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीचं वारं आलं तेव्हा तुम्ही दोन एकर आईच्या नावावर केलीत. भाऊबंद हसले, तुम्ही ऐकलं नाही. आपल्याच जिल्ह्यात विटनेरला 1989 साली सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली, ते तुम्हीच आम्हाला कौतुकाने सांगायचात. जमीन दिलीत नाना, कचेरीत जायला मात्र सांगितलं नाहीत.

प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या त्या 2007 च्या जुलैत तुम्ही आळीत पेढे वाटले होते. "आपल्या जळगावची लेक" म्हणालात. 1962 साली पहिल्यांदा आमदार झाल्या तेव्हा त्या अवघ्या 27 वर्षांच्या होत्या. मी तर पन्नाशीकडे झुकले.

आज बघा ना. 2024 ला खानदेशातल्या लोकसभेच्या चार जागांपैकी तीन बायकांनी जिंकल्या. रावेरला रक्षा खडसे, जळगावला स्मिता वाघ, धुळ्याला शोभा बच्छाव. पक्ष वेगळे असले तरी मला तिघींचा अभिमान वाटतो. पण सबंध देशात 543 मध्ये बायका निवडून आल्या फक्त 74. एक तृतीयांश जागांचा कायदा 2023 ला झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्याशी बांधलेला. महिला मोर्चा भाजपबरोबर 1980 ला उभा राहिला, महिला काँग्रेस 1984 ची. चाळीस वर्षं होऊन गेली, तरी गावपातळीवर बाईच्या हातात अजून ताटच दिसतं. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा 2011 पासून आपल्या आहेत. तरी सोडतीत शाळेतल्या पोराने चिठ्ठी काढली आणि जागा बायकांची निघाली, की आधी विचारतात, "कुणाची बायको उभी करायची?" पुढच्या वेळी चिठ्ठी फिरली, की तीच बाई घरी.

म्हणून पद घेताना मी दोन गोष्टी मागून घेतल्या. बूथच्या कामात बायका निम्म्या असतील, आणि उमेदवारीच्या बैठकीत मी बसेन, चहाला उठणार नाही. हो म्हणालेत. पाळतील की नाही ते मी बघेन. जागा सर्वसाधारण असली तरी बाईसाठी तिकीट मागणार आहे. पहिल्यांदा माझ्यासाठी नाही मागणार, एवढं तुम्हाला सांगून ठेवते.

आता तुमच्याकडे मागणं. आखाजीला मी येतेच आहे, दोन दिवस राहीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही नव्या महिला सदस्यांचं शिबिर घेतोय. नमुना 8, म्हणजे घरपट्टीची नोंद, कसा वाचायचा, ठराव कसा मांडायचा, ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावीच लागते तर ती कशी मागायची, असं सगळं. शिकवायला माणसं आहेत. पण सही करण्याआधी वरचं वाचा, हे मी सांगितलं तर त्या मान हलवतील आणि घरी जाऊन विसरतील. आई, तू हातपंपाचं सांगशील का? भाषण नको. ओसरीवर बोलतेस तसंच, आपल्या बोलीत. तुला जड जाणार आहे, मला माहीत आहे. नको वाटलं तर नको म्हण, मी राग धरणार नाही.

नाना, तुम्हीही या. कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा. आई बोलताना मध्ये मात्र बोलू नका.

आईसाठी नवा चष्मा करायला टाकलाय, येताना आणते. कळण्याचं पीठ थोडं दळून ठेवा, इथलं पोरांना आवडत नाही. नानांची बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची, दुपारवर ढकलू नका.

तुमची,
ताई