आधी वह्या दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अमळनेर आगारात वाहक आहे. मुलगा यंदा दहावी पास झाला. तबला सात वर्षं शिकतोय, दर रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला गुरुजींकडे जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ परीक्षा झालीय. बोर्डाने या परीक्षांचे वाढीव गुण धरले, तेव्हा कुठे सासूबाईंचं ‘तबला वाजाडीसन पोट भरस का भो?’ जरा थांबलं.

आता अकरावी. पुण्याकडच्या एका निवासी कला संस्थेचं माहितीपत्रक कोणीतरी दिलं. सकाळ-संध्याकाळ रियाज, मधल्या वेळात अकरावी-बारावी. दोन रजा टाकून आम्ही मायलेकरं बघून आलो. सभागृह झकास, दिवे भारी, भिंतीभर फोटो. पोरगा हरखून गेला. मी विचारलं, “अर्थशास्त्र कोण शिकवतं?” तिथले गृहस्थ हसले. “ताई, अभ्यासाचं आम्ही सांभाळून घेतो. परीक्षेआधी नोट्स देतो.”

गाडीत ‘सांभाळून घ्या’ म्हणणारे रोज चार भेटतात, त्यामुळे या शब्दाची मला धास्तीच आहे. मी वह्या मागितल्या. बारावीत गेलेल्या एका गुणी पोराने अकरावीची इंग्रजीची वही आणून दिली. शेवटचा धडा ऑगस्टमधला. पुढची पानं तिहायांनी, म्हणजे तबल्यावर तीनदा वाजवायच्या बोलांनी, भरलेली, अक्षर मात्र मोत्यासारखं.

त्या पोराचा हात माझ्या मुलापेक्षा कितीतरी तयार आहे, हे कबूल करते. पण माझ्या मुलाने त्याला सहज विचारलं, झपताल, म्हणजे दहा मात्रांचा ताल, दीडपट वेगात एकाच आवर्तनात (फेरीत) बसवायचा तर कुठून उचलायचा? त्याने मांडीवर वाजवून बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणून दाखवलं. कागदावर मात्र मांडता येईना. हिशेब असा : दहा मात्रांना दीडने भागलं की सहा पूर्णांक दोन तृतीयांश, तेवढ्या मात्रांत तो वाजून होतो, म्हणजे तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा सोडून सुरुवात. हे शाळेतले अपूर्णांकच आहेत. पुढच्या विशारद परीक्षेच्या लेखी पेपरात लयकारी, म्हणजे हा असा वेगाचा हिशेब, लिहूनच दाखवावी लागते, तिथे मांडी कामाला येत नाही.

कलेच्या वाटेला पुस्तक लागत नाही म्हणणाऱ्यांनी प्रवेशाचे नियम वाचावेत. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बी.ए. करायचं तर बारावी हवी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर अर्ज करायलाच पदवी लागते, वर नाटकांचा अनुभव. आणि उद्या मनगट दुखावलं तर? आमच्याच आगारात खांदा गेलेला एक चालक आहे, बारावी झालेला होता म्हणून निदान लिपिकाच्या कामावर बसला.

शेजारी म्हणतात, एवढी चिंता तर सायन्सला घाल. त्यांची पोरं नावाला कॉलेजात आणि दिवसभर शिकवणीत असतात. कॉलेजातली त्यांची वही मागायला कोणी जात नाही. तबला वाजवणाऱ्या पोराचीच तेवढी झडती का, असं मुलगा म्हणाला आणि मला उत्तर सुचलं नाही. त्याचं चुकलं नाही. पण म्हणून मी वही बघायची सोडणार नाही.

तूर्त आम्ही इथेच राहायचं ठरवलंय. कला शाखा आणि रविवारचा धुळ्याचा फेरा. गेल्या वर्षापासून, म्हणजे २०२५-२६ पासून, अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, दहा कॉलेजांची पसंती भरता येते. बोर्डाच्या यादीत संगीत विषय आहे. इथल्या एका कॉलेजात चौकशी केली, तर खिडकीवरचे बाबू म्हणाले, “विषय आहे हो मॅडम, शिकवणारा नाही.”

म्हणून आपल्या दैनिकाला एक विनंती. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अकरावीला संगीत विषय कुठे आहे, आणि त्यातल्या कुठल्या कॉलेजात तो शिकवायला माणूस आहे, एवढी यादी बातमीदाराकडून छापून आणावी. पसंतीक्रमात माझ्या चार जागा अजून रिकाम्या आहेत.

आपली,
एक एसटी वाहक, अमळनेर