नाना, तुम्ही पोरांना लाल रंग दाखवलात

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातच देता आलं असतं. पण तुम्ही ते न वाचता खिशात घातलं असतं आणि "राहू द्या हो बाई" म्हणून चहा मागवला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दिवाळीनंतर ओळखपत्रांच्या फोटोंसाठी मी तुमच्या स्टुडिओत आले होते. बोलता बोलता म्हटलं, आमच्या सहावी-सातवीच्या पोरांना देखावा काढायला सांगितला की प्रत्येक वहीत दोन त्रिकोणी डोंगर आणि नारळाचं झाड. नंदुरबारच्या उत्तरेला सातपुडा रोज समोर असतो, त्याचे माथे कितीतरी ठिकाणी सपाट आहेत, आणि नारळ तर गावात औषधालाही नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "शनिवारी सकाळची शाळा ना? येतो."

पहिल्या शनिवारी तुम्ही कॅमेरा आणलाच नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांना मधोमध चौकोनी खिडक्या कापून आणल्या होत्या. एकेक प्रत्येकाच्या हातात दिलीत आणि सांगितलंत, यातून बघा, पण वस्तूचं नाव घ्यायचं नाही. हापसा म्हणायचं नाही, निंब म्हणायचं नाही. फक्त आकार सांगा, रंग सांगा. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं होतं की यात तास वाया जाणार. अर्ध्या तासाने एक पोरगा येऊन म्हणाला, बाई, हापशाच्या दांड्याची सावली दांड्यापेक्षा लांब आहे आणि ती काळी नाही, निळसर आहे. दोन वर्षं मी त्याला शिकवते आहे. इतकं सलग तो पहिल्यांदाच बोलला.

मग तुम्ही आम्हाला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, नेलंत. आमच्या निम्म्या पोरांच्या आया तिथे देठ खुडायला जातात, त्यामुळे पोरांना त्याचं नवल नव्हतं. दुपारी बाराला काढलेले पहिले फोटो पाहून सगळे हिरमुसले, कारण पडद्यावर नुसता लाल थर थापल्यासारखा आला होता. तुम्ही समजावलंत की डोक्यावरच्या उन्हात सावल्या वस्तूखालीच दडतात, म्हणून उठाव येत नाही. शिवाय गडद लाल रंग मोबाइलला अंधार वाटतो, तो आपणहून उजेड वाढवतो आणि त्यात मिरचीच्या सुरकुत्या बुडून जातात. पुढच्या शनिवारी साडेसातलाच पथारीवर. कोवळं ऊन आडवं आलेलं. पडद्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढायला लावलंत आणि एकेक मिरची सुटी झाली. ओली मिरची काचेसारखी चकाकत होती, आठवडाभर वाळलेली काळपट झाली होती, भिजलेली पांढरट पडली होती. "लाल म्हणू नका, कसला लाल ते सांगा," हा तुमचा हट्ट. तेवढ्यात मागून आवाज आला, "हाई चिंचोकाना रंग शे!"

सातवीतली एक मुलगी मात्र मिरचीकडे बघतच नव्हती. आईजवळ उकिडवी बसून तिने आईच्या हाताचा फोटो काढला. मिरचीच्या ढिगात अर्धा रुतलेला पंजा, आणि बोटांच्या पेरांवरच्या घड्या हुबेहूब वाळल्या मिरचीच्या घड्यांसारख्या. तुम्ही तो फोटो कितीतरी वेळ पाहत राहिलात. एरवी फोटो कुठे छाटायचा ते लगेच सांगता, त्या दिवशी काहीच बोलला नाहीत. ती मुलगी आईची मजुरी लपवायची, नाना. शाळेत कुणी विचारलं तर विषय बदलायची. त्या दिवशी प्रत्येकाला मोबाइल दाखवत फिरत होती, "हाऊ मन्ही मायना हात शे."

चाळीसगावच्या सहलीबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. तिथले छायाचित्रकार केकी मूस यांनी घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून जी निसर्गदृश्यं टिपली, ती पाहताना पोरं काचेला नाक लावून उभी होती. तो माणूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही, हे ऐकून एकाने विचारलं, मग डोंगर कुठून आणला? परत आल्यावर त्यानेच डब्यातली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर मोडून खिडकीत उभी केली आणि पुढे ज्वारीचं पीठ पसरलं. बाजूच्या उजेडात मोडलेली कड सातपुड्यासारखी दिसली. सपाट माथ्याची, नाना! त्रिकोणी नाही.

तुमचे दोन जुने कॅमेरे, सगळ्यांच्या फोटोंच्या प्रती, चार महिन्यांचे शनिवार, यातल्या कशाचेच पैसे तुम्ही घेतले नाहीत. मनापासून आभार, नाना. माझे, पोरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे.

एक निरोप आहे. त्या मुलीच्या आईला तो हाताचा फोटो मोठा करून हवा आहे, देव्हाऱ्याशेजारी लावायला. फ्रेमसकट किती होतील ते कळवा, ती स्वतः पैसे घेऊन येणार आहे. तिला नाही म्हणू नका.

तुमची,
शाळेतली बाई